माग्नुसचा डावा दस्ता

माग्नुस हिम्मर बंदुकांचे दस्ते करायचा, त्यांवर पानंफुलं कोरायचा. लाकूड त्याचं, लोखंड माझं. इलर नदीकाठच्या आमच्या गावात एकाच खिडकीपाशी आम्ही एकवीस वर्षं शेजारी शेजारी उभं राहून काम केलं. उभं राहूनच. बसून काम करणाऱ्यांबद्दल त्याचं मत चांगलं नव्हतं.

"बसून कोरलेलं पान झोपलेलं दिसतं, लेन्झ," म्हणायचा.

त्याची स्वतःची बंदूक त्याच्या वडिलांनी १८९४ साली केलेली. शिकारीची नव्हे, सामन्यात उभ्यानं नेम धरायची. वजन साडेसहा किलो. पोलादावर डोंगरी बकरे कोरलेले, अक्रोडाच्या दस्त्यावर ओकची पानं, आणि गाल टेकवायच्या उंचवट्यावर मान वळवून बघणारं हरीण. त्याच्या कानातले केस मोजता येत.

१९५५ साली माग्नुसच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डॉक्टरांनी हात टेकले. आमच्या नेमबाज मंडळाच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावाची पाटी असते. लागोपाठ तीन वर्षं शरदातल्या सामन्याला जो उभा राहत नाही, त्याची पाटी उतरते. माग्नुसची दोन वर्षं गेली. त्याच्या पाटीच्या खाली त्याच्या वडिलांची पाटी होती; मेलेल्यांच्या पाट्या उतरवत नाहीत.

"डावा डोळा शाबूत आहे ना? मग रडतोस काय?" त्याची बायको वालबुर्गा म्हणाली.

"डोळा शाबूत आहे. हरीण चुकीच्या बाजूला आहे."

ते खरं होतं. डाव्या खांद्याला बंदूक लावली की गाल पलीकडच्या बाजूला येतो, आणि तिथे उंचवटा नव्हता. जुना तासून टाकायचा, नवा चिकटवायचा, एवढाच मार्ग दिसत होता.

एका सोमवारी त्यानं बंदूक शेगड्याच्या पकडीत आवळली, कानस घेतली आणि दुपारपर्यंत नुसता उभा राहिला. मग शेगडा सैल केला. त्यानं फुकट घालवलेला तेवढाच दिवस मी पाहिला.

मंगळवारी म्हणाला, "नवा दस्ता करतो. माप घे माझं."

चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या माना मोजल्या होत्या. हात मिळवला की दस्ता किती लांब लागेल ते तो सांगायचा. मी त्याचं माप घेतलं, जुन्या दस्त्याशी ताडून पाहिलं आणि पुन्हा घेतलं.

"मिस्त्री, जुना तुम्हाला दोन बोटं आखूड आहे. आणि गालाचा उंचवटाही खाली येतो."

"असणारच. वडिलांच्या मापाचा तो. ते माझ्या खांद्यापर्यंतच यायचे."

"मग इतकी वर्षं?"

"वाकत होतो."

"आणि गिऱ्हाइकाला पाव बोटासाठी परत बोलवायचात!"

"गिऱ्हाईक पैसे देतं," तो म्हणाला आणि माळ्यावर लाकूड काढायला गेला.

अकरा वर्षं वाळवलेलं अक्रोड. पहिला ठोकळा सात आठवडे चालला आणि वाया गेला. एका डोळ्याला खोली कळत नाही. पटाशी पानातून आरपार गेली. त्यानं दुसरा ठोकळा घेतला आणि अंगठ्यानं चाचपत कोरू लागला. एक घाव, एक चाचपणी. दिवसाला एक पान, कधी अर्धं. ओक नव्हे. वालबुर्गानं खिडकीबाहेर लावलेला घेवड्याचा वेल, शेंगांसकट. हाताला ओळखीचं तेच होतं. दस्त्याच्या टोकाला, खांद्याला अडकणारी पोलादी आकडी मी केली. तीनदा. पहिल्या दोन भंगारात टाकल्या.

ऑक्टोबर १९५७. माग्नुस नव्या दस्त्याची बंदूक घेऊन रांगेत आला. खानावळवाल्या झेव्हरनं वाकून दस्ता पाहिला.

"माग्नुस, नेम धरणार की सूप करणार?"

"आधी नेम. भांडं तू आण."

दहा गोळ्या, दीडशे मीटर, उभ्यानं. पहिली डावीकडे पार बाहेर. दुसरीला पाच गुण. डाव्या बोटाला चाप नवा होता. तिसऱ्या गोळीआधी त्यानं बंदूक खाली घेतली, दोन श्वास घेतले, पुन्हा उचलली. मी त्याच्या मानेकडे पाहत होतो. ती सरळ होती. तसं उभं राहिलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आठ. सात. नऊ. लक्ष्याजवळच्या खड्ड्यातला माणूस काठीनं आकडा दाखवत होता. आठव्या गोळीला त्यानं टोपी हलवली. दहा.

एकूण शंभरात एकोणसत्तर. याआधी माग्नुस कधी पासष्टच्या वर गेला नव्हता. पाटी राहिली.

मग जो तो बंदूक मागू लागला. झेव्हरनं डाव्या खांद्याला लावली, मान ताणली, परत दिली. त्याच्या भावानं लावली, परत दिली. मीही लावून पाहिली. आकडी मीच केलेली, तरी हनुवटी हवेत राहिली. मंडळातल्या एकालाही ती बसली नाही.

माग्नुस बाकावर बसून सॉसेज खात होता. "बघा लावून, घाई नाही," म्हणाला, "पण पुसून द्या."