छतातली खाट

धरमतरच्या मिठागरात हौसाबाईचा जन्म गेला. तिची धाकटी जाऊ शांती मुला-नातवंडांबरोबर क्रूझवर जाऊन आली आणि फोनवर फोटो दाखवत बसली.

"एका केबिनीत सहाजणं, बाय गो! पोरांच्या खाटा छतातून खाली उतरतात. रात्री उठलं की कुणाच्या तरी अंगावर पाय."

हौसाबाई फणकारली, "त्यात काय मोठं? आमचं मालक मिठाच्या बार्जवर होतं तवा चार पोरं घेऊन मी पण केबिनीतच राह्यले. माजा फोटो कोणी काढला नाय!"

"आता तुला बरं हाय. पोरं रोह्याला कंपनीत, तीन खोल्या तुला एकटीला."

"जळ्ळं तुजं जहाज!" हौसाबाईनं फोन हिसकावला, शांतीच्या झोपलेल्या नातवंडांचा फोटो बराच वेळ पाहिला.

"शांते, त्या छतात आनखी एक खाट असंल का गो?"