कमलचे वीस प्रश्न

अन्याय झाला तो शेवगाव तालुक्यातल्या कमल नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीवर. कधी? १९७२ च्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराला. तिला आईबापांच्या रक्तातून आलेला, स्नायू झिजवणारा दुर्मिळ आजार आहे. अपंग मुलांच्या एका निवासी शाळेतल्या कारकुनाने तिच्या चुलत्याला वीस प्रश्न विचारले. चमच्याने जेवते का? जिना चढते का? खुर्चीवरून उठते का? चुलता म्हणाला, न्हाई, न्हाई, न्हाई. शेरा पडला : 'काहीही करू शकत नाही.' प्रवेश नाकारला. घरात चमचा नाही, जिना नाही, खुर्ची नाही, हे कुणी विचारलंच नाही!

यावर पत्रक काढायचं ठरवून मी माघात पुण्याहून निघालो. नगरच्या स्टँडवर मार्थाबाई भेटल्या. राहुरीच्या निवृत्त नर्स, त्याही कमलच्याच घरी निघालेल्या. कारकुनाचे ते वीस प्रश्न इंग्रजीतून उतरवलेले. ते इथल्या मुलांना लागू पडतात का, हे त्या घरोघर जाऊन तपासतात. परीक्षा मुलाची नव्हे, प्रश्नांची.

"आजार बरा होत नाही," त्या म्हणाल्या, "पण पोर कशात मागे पडतंय, कशात तगून आहे, ते तरी नीट कळायला नको?"

घोडेगावच्या पुढे एस.टी. पंक्चर झाली. दोन तास बाभळीखाली. चहूकडे न पेरलेली काळी रानं. तेवढ्यात बाईंनी मला रीत शिकवली : दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं, एकमेकांचं बघायचं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं. उत्तरं जुळली, तर प्रश्न पक्का.

कमलची आई रखमाबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दुपारच्या सुट्टीत बायका भोवती जमल्या.

"लई लिवतोय ह्यो. फौजदार हाय का?"

"फौजदाराची चप्पल तुटकी आसती व्हय गं?"

कमलला काय काय येतं, असं विचारल्यावर रखमाबाई ताठ मानेने म्हणाली, "समदं करती माझी."

मार्थाबाईंनी कागद मिटला. "चारचौघींत कोण आपल्या लेकीचं उणं सांगेल? घरी बसून विचारू."

घरी कमल उंबऱ्याशी तांबडा मिलो (रेशनची परदेशी ज्वारी) निवडत होती. आम्हाला माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) मिळालं. गरम, तिखट, फार चवदार. कमलने वाटी गुडघ्यांवर टेकवली, वाकली आणि थेंब न सांडता प्याली. मग उठली. हात आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, जणू स्वतःच्याच अंगावर चढत. मी लिहिलं : 'उठता येत नाही.'

पोरीला वाचता येत होतं.

"मी उठले की, दादा! तुमी बघत हुता ना?"

मार्थाबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "त्या कारकुनाच्याच पंगतीत बसलात. त्यानं आळसानं 'नाही' लिहिलं, तुम्ही कळवळ्यानं. पोरीला फरक काय?"



दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न बदलायला बसलो. जिन्याच्या जागी उंबरा आला. पाण्याची घागर उचलते का, असं मी सुचवलं, तर रखमाबाई हसली. "घागर मलाच जड जाती, दादा. तांब्या इचारा."

पंधरा दिवसांनी परत गेलो. या वेळी मी माझा कळवळा बाजूला ठेवला आणि दिसलं तेवढंच लिहिलं. कागद जुळले, एकच प्रश्न सोडून. केस विंचरते का? मी 'हो' लिहिलं होतं, बाईंनी 'नाही'.

"येतं की तिला," रखमाबाई हळूच म्हणाली. "पन येनी मीच घालती. दिसभर मी खडीवर. तेवढाच येळ ती माझ्यापाशी बसती."

मार्थाबाईंनी पट्टी घेतली आणि कागदावर नवा रकाना आखला : 'येतं, पण आई करते.' एवढा शहाणा रकाना मी कुठल्या सरकारी कागदावर पाहिलेला नाही.

परतीच्या गाडीत मी माझ्या पत्रकाचा खर्डा फाडला. त्यात कमल नुसती बिचारी होती. ती बिचारी नाही. तिच्याबद्दल चुकीचं विचारलं गेलं, एवढंच. नवा कागद आता शाळेच्या समितीपुढे आहे, आणि समिती म्हणते, एकदा झालेला निर्णय बदलत नसतो.

तेव्हा वाचकहो, हळहळू नका. शाळेचा पत्ता संपादकांकडून मागून घ्या आणि 'कमलला नव्या प्रश्नांवर पुन्हा तपासा, जूनमध्ये वर्गात बसवा' एवढंच, आपल्या सहीनिशी, आजच लिहून धाडा.