तिला न आठवणारी दहा मिनिटं

नांदेडहून मुंबईला जाणाऱ्या विमानात ती मला नेहमी भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. माईकवर पुस्तकी मराठी बोलणारी ही एअर होस्टेस माझ्यापाशी आली की उदगीरची व्हायची. "काका, पाऊस न्हाईच का औंदा?" दारं लागली की प्रत्येक खुर्चीला बोट लावत ती मनातल्या मनात माणसं मोजायची.

त्याच दुष्काळात एका सकाळी विमानातला हवेचा दाब अचानक गेला. कानाला दडे बसले, वरून ऑक्सिजनचे मास्क लोंबले. पलीकडे एकट्या बसलेल्या आजींच्या डोक्यावरचं झाकण मात्र उघडेना. खांद्याला ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर अडकवून, त्याचा मास्क तोंडाला लावून ती होस्टेस धावत आली. झाकणावर बुक्क्या मारून पाहिल्या, मग स्वतःचा मास्क काढून आजींना लावला.

"घ्या श्वास, आजी. मी हाय ना."

विमान वेगानं खाली चाललं होतं. ती बसली नाही. खुर्च्यांना बोट लावत मोठ्यानं मोजू लागली. "चौदा... चौदा... चौदा..." आकडा पुढे सरकेना. ऑक्सिजनविना तिचे ओठ निळे पडले होते, भान हरपत होतं आणि ती गोड हसत होती. माझा मास्क काढून तिला द्यायचं धाडस मला झालं नाही.

विमान खालच्या हवेत आलं, तशी ती सावरली. उतरताना आजी तिचे हात सोडेनात. ती गोंधळून माझ्याकडे वळली.

"काका, ह्या आजी कामून रडायल्यात? मी तर मागं पट्टा बांधून बसले होते."