जागी झालेली बाग

"कोण आलंय बघू," असे म्हणून ते वाइनच्या पेल्यात नाक घालत आणि डोळे मिटत. दार वाजल्यावर घरातल्याने आतून विचारावे, तसा तो स्वर असे. समोर उभे असलेल्याला उगाचच मागे वळून पाहावेसे वाटे.

लातूरच्या ज्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवीत असे, तेथील प्रयोगशाळेत ते आपल्या वाइनचे नमुने तपासायला आणीत. कृषी खात्यातील नोकरी मुदतीपूर्वी सोडून त्यांनी शिरूर अनंतपाळजवळ मुरमाड जमीन घेतली होती आणि तीत, रीतसर परवाना काढून, वाइनची द्राक्षे लावली होती. सोयाबीन आणि तुरीच्या मुलखात असा माणूस एखादाच. तुमच्याही पाहण्यात असा कुणी असेल, ज्याच्याकडे गाव एकाच वेळी कौतुकाने आणि काळजीने बघते.

नोकरीत असताना खात्याने त्यांना वर्षभर फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात शिकायला पाठवले होते. ते परत आले, पण त्यांच्यातला कुणीतरी तिकडच्या धुक्यात मागे राहिला असावा. मी नमुन्याची आम्लता मोजत असे, तेव्हा ते स्टुलावर बसून त्या नदीच्या काठाने चालू लागत.

"समुद्राजवळची वाइन पांढरी, पातळ. हिवाळाभर खाली बसलेल्या गाळावरच ठेवतात. जिभंवर मीठ आल्यावानी होतं. वर सरकलं की तांबडी, ओल्या पाल्याच्या वासाची. आनखी वर गेलं की गारगोटीवर गारगोटी घासल्यावानी. आन् मधल्या पट्ट्यात आपलं चेनिन. एकच द्राक्ष, मॅडम. लवकर तोडलं तर फसफसणारी वाइन, जरा थांबलं तर कोरडी, आनखी थांबलं तर निमगोड, आन् धुक्यात वेलीवरच सुकू दिलं तर मधच. माय एक, लेकरं चार."

ही चारही लेकरे त्यांना शिरूरच्या मुरमातून उभी करायची होती, आणि तीही जमिनीला न ओरबाडता. तणनाशक नाही, ओळींमध्ये गवत, फवारणीला दशपर्णी अर्क. शेजारचे विचारीत, "साहेब, ही बाग हाय का गायरान?" ते म्हणत, "दोन्ही. तुमची शेरडं आना चरायला." सुरुवातीची वर्षे विहिरीवरून ठिबकने पाणी दिले, मग हळूहळू तेही कमी करत नेले. बोअर मात्र पाडली नाही. "वेलीला वरून पाजत राहिलं की तिची मुळं खाली बघतच न्हाईत," एवढेच कारण ते देत.

बिलोलीकडच्या गावाहून त्यांची आई महिना-दोन महिने राहायला येई. छप्पन साली धम्म स्वीकारलेल्या घरातली ती म्हातारी रोज सकाळी पंचशील म्हणे आणि पाचव्या शीलाशी आली की आवाज चढवी, म्हणजे मद्य वर्ज्य असल्याचे मुलाला ऐकू जावे. एकदा मी तेथे असताना त्यांनी घोट तोंडात खेळवून चुळीसारखा टाकला.

"मी पीत न्हाई आई, नुसतं चाखून राहिलो."

"मग थुकतूस कशाला? बरं असंल तर गिळ. वंगाळ असंल तर करू नगंस."

ते माझ्याकडे पाहून हसले. "ह्या परीक्षेत मी कायमचा नापास, मॅडम."

पहिली वाइन झाली तेव्हा उदगीर वेगळा जिल्हा होणार, अशी चर्चा जोरात होती. शिरूर कुठल्या बाजूला जाणार, यावर चहाच्या टपरीवर रोज दोन तट पडत. लुआरकाठी म्हणे नदी ओलांडली की वाइनचे नाव बदलते. म्हणून लेबलावर मुलूख कोणता लिहावा, हा प्रश्न त्यांनी फारच मनाला लावून घेतला. शेवटी गावाचे नाव छापले आणि जिल्ह्याची जागा मोकळी सोडली. "ठरलं की हातानं लिहू. बाटल्या काय लई न्हाईत."

मग पावसाने पाठ फिरवली. पहिल्या वर्षी वेलींनी निभावून नेले. घड लहान, मणी वाटाण्याएवढे, पण त्यातून झालेली कोरडी वाइन त्यांनी नाकाशी धरली आणि इतका वेळ डोळे मिटून राहिले, की मी हाक मारली. "आलंय कुणीतरी," ते म्हणाले, "पण वळख देत न्हाई." त्या दुपारनंतर प्रयोगशाळेत कधी कधी मला तापलेल्या मुरमावर पाणी शिंपडल्याचा वास येऊ लागला. खिडक्या बंद असतानाही येई.

दुसऱ्या वर्षीही पाऊस आला नाही. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा करतात. एप्रिलमध्ये काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. वेलीला येथे विश्रांती नाही. त्यांनी त्या ऑक्टोबरात कात्री लावलीच नाही. लुआरकाठी बर्फाखाली वेली महिनोन्महिने निजतात, तशा या दुष्काळभर निजतील आणि पाऊस आला की उठतील, असा त्यांचा हिशेब होता. शेजारी सांगत होते, "साहेब, आपल्याकडं थंडी कुठंय निजायला?" ते ऐकेनात. पाने गळलेल्या त्या ओळींतून ते हलक्या पावलांनी चालत, मलाही हळू बोलायला सांगत.

तोवर गावातल्या साऱ्या विहिरी आटल्या होत्या. थोडे पाणी होते ते त्यांच्याच विहिरीत. त्यांनी मोटर काढून ठेवली आणि विहीर गावाला मोकळी केली. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते हेच दिवस.

फाल्गुनात अवकाळी सर आली. एकच, अर्ध्या तासाची. दुसऱ्या दिवशी काहीच नव्हते. आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज दबलेला, जणू शेजारी कुणी आजारी निजले आहे.

"जाग्या झाल्या, मॅडम."

मी गेले. प्रत्येक काडीवर कोवळा, पोपटी फुटवा होता आणि वर चैत्राचे ऊन. वेलींनी साठवलेले सारे बळ त्या फुटव्यांत आले होते. महिनाभर पाणी मिळाले तर बाग वाचणार होती. न मिळाले तर फुटवे करपणार आणि मागे वेलीत काही उरणार नव्हते. पाणी बांधाशीच होते. घागरी भरल्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

सुमनबाई म्हणून शेजारची शेतकरीण पाणी शेंदत होती. तिने आपण होऊन विषय काढला.

"साहेब, एक दिसाआड मोटर लावा बागंला. आमी टँकरवर भागवतो."

"टँकर कवा येतो, ठाव हाय का तुला?"

"न्हाई आला तर बघू की."

"मग न्हाईच."

"आवो, लेकरावानी वाढवल्यात वेली. आमाला दिसतंय न्हवं!"

मी परतताना ते मला गाडीपर्यंत सोडायला आले, तेव्हा म्हणाले, "माजी आई ल्हानपनी घागर घिऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. वरून कुनी वतंल तवा पानी. कदी कदी सांजच व्हायची. तिनं मला दुसरं काय शिकवलं न्हाई, मॅडम. विहिरीवर आलेल्याला 'थांब' म्हनायचं न्हाई, एवढंच." मग गाडीचे दार लावताना म्हणाले, "एक दिसाआड म्हंजे थांबच की ते."

फुटवे पंधरवड्यात गेले. आधी कडा तांबूस झाल्या, मग पाने मुठीसारखी मिटली. त्या काळात पाण्याला येणाऱ्या बाया बागेकडे पाठ करून शेंदत, असे सुमनबाईने मला नंतर सांगितले. कुणी ठरवले नव्हते. बघवत नव्हते, एवढेच.

ते मात्र रोज ओळींतून फिरत. प्रयोगशाळेत शेवटचे आले तेव्हा हाती नमुना नव्हता. स्टुलावर बसले, लुआरविषयी अवाक्षर काढले नाही. "पुन्हा लावाल ना?" मी विचारले. ते म्हणाले, "ह्या वेली उठल्या तवा मी हाय ह्या भरवशावर उठल्या हो." पावसाळा लागण्यापूर्वीच, एका सकाळी, ते झोपेत गेले.

आठवड्याने मी भेटायला गेले. त्यांची आई भिंतीला टेकून बसली होती. बाहेर वाळलेल्या काड्या वाऱ्याने तारांवर घासत होत्या. त्या आवाजात कुणीतरी हलक्या पावलांनी चालत असल्यासारखे वाटे, आणि मी वळून पाहिलेच. उन्हाने घशाला कोरड पडली होती. पाणी मागावे की न मागावे, या संकोचात मी बसून राहिले. सुमनबाईनेच तांब्या आणला.

"घ्या मॅडम. साहेबांच्या विहिरीचंच हाय. तळाचं, जरा मचूळ लागंल."

पाणी खरोखरच मचूळ होते. मी तांब्या रिकामा केला आणि आणखी मागितले.