रंगाखालचा बोल्ट

प्रेमलताआत्याला सगळे हट्टी म्हणत. होतीच. नसती, तर त्या घरात तिचं काही चाललं नसतं.

मध्य प्रदेश नवा झाला होता त्या दिवसांतली गोष्ट. नवरा गेल्यावर आत्या छत्रीबागेत माहेरी परतली आणि तिनं सांवेरच्या शाळेत नोकरी धरली. शाळा सकाळी सातची, पहिली बस पोहोचायची साडेआठला. म्हणून ती आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, जुनी विलायती मोटार चालवत जायची. बाई मोटार चालवते, यावर गल्लीनं महिनाभर तोंडसुख घेतलं. आत्यानं हॉर्न वाजवला आणि निघून गेली.

दसरा झाला आणि गाडी अडून बसली. बटण दाबलं की एकदा कण्हायची आणि गप्प. रोज चार शेजारी गोळा करून ढकलायची. आत्याला तीनदा उशीर झाला. आणखी एकदा झाला तर येऊ नका, असं हेडमास्तरांनी लिहूनच दिलं.

आबा म्हणाले, "सोमवारी गाडी आपणहून सुरू झाली नाही, तर राजीनामा दे. गल्लीत तमाशा पुरे."

रविवारी नाना मिस्त्री आले. बॅटरी नवी घातलेली, स्टार्टर उघडून झालेला. त्यांनी मान हलवली. "इंजिनच बुढ्ढं झालं, ताई. अब क्या करें?"

"ढकलल्यावर पहिल्याच झटक्यात सुरू होते की, नानाजी! बुढ्ढं असतं तर तेव्हा पण नखरे केले असते. तुम्ही बटण दाबा."

नाना बटण दाबत राहिले. आत्या बॅटरीच्या वायरींचे जोड एकेक करून चाचपत गेली. सगळे गार. जिथं वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला कसली होती, तिथल्या बोल्टाला मात्र हात लागला आणि ती "आई गं!" करून मागे सरली. तिनं पान्यानं बोल्ट सोडवला. खाली काळा रंग, गुळगुळीत.

आमचं घराणं रिसाल्यातलं, घोडेस्वारांचं. घोडे गेले, तेव्हापासून दसऱ्याला घोड्याच्या जागी मोटारीची पूजा. पूजेआधी आबा स्वतः बॉनेटखालचं सगळं रंगवायचे. त्या वर्षी त्यांनी हा बोल्टही उघडून, खाली रंग देऊन, पुन्हा कसला होता. त्या रंगातून वीज जाणार कशी? ती तिथंच अडत होती, म्हणून बोल्ट तापत होता.

नाना खाली बघत पुटपुटले, "शक होता मला. पण आबासाहेबांच्या पूजेच्या रंगाला हात कोण लावणार?"

मला आजही राग येतो. आबांच्या धाकापायी नाना आत्याची नोकरी घालवणार होते!

आत्यानं काचकागद मागितला. आबा पायरीवरून गरजले, "खबरदार! पूजेचा रंग आहे तो."

"पूजा गाडीचीच केलीत ना, आबा? मग तिला चालू द्या."

तिनं लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासलं, बोल्ट कसला, बटण दाबलं. गाडी तत्क्षणी सुरू झाली. आबा आत निघून गेले.

सोमवारी शेजारी सवयीनं ढकलायला आले आणि रिकाम्या हातांनी बघत राहिले. आत्या पावणेसातला शाळेत होती.

आबांनी कधी चूक कबूल केली नाही. आत्यानंही कधी माफी मागितली नाही. पुढच्या दसऱ्याला मात्र आबांनी त्या बोल्टावर बोट दाबून धरलं आणि भोवतीनं ब्रश फिरवला. आरतीला उभे राहिले तेव्हा ते बोट अजून काळंच होतं.