चप्पल घेऊन धावणारे

मला फिट येते हे नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांनी पाहिलेलं होतं, फक्त मी पाहिलेलं नव्हतं. शुद्धीवर आले की नाकाशी चामड्याचा वास असायचा आणि भोवती कर्तबगारीनं फुललेले चेहरे. एकाच्या हातात चप्पल, दुसऱ्याच्या हातात फोडलेला कांदा. फिट आपली आपण थांबायची, श्रेय मात्र चपलेला जायचं.

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या घरानं देव्हारा काढून टाकला, नवस सोडले. अंगारा घेऊन आलेल्या एकाला मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, दारातूनच हाकललं होतं. एवढं सगळं सुटलं, चप्पल तेवढी सुटली नाही. मोठेबाबा तिला प्रथमोपचार म्हणत.

गोळ्यांनी फिट थांबत नव्हती, झोप मात्र भरपूर येत होती. बी.ए.च्या पहिल्याच वर्षी मी पेपरवर डोकं ठेवून झोपले आणि नापास झाले. पुन्हा असं झालं तर कॉलेज बंद, असं वडिलांनी सांगून टाकलं. डॉक्टरांना गोळी बदलायची होती, पण फिट सुरू कुठून होते हे कळल्याशिवाय बदलणार कशी? त्यांनी घरच्यांना साधा प्रश्न विचारला, आधी कुठला हात हलतो? मोठेबाबा म्हणाले, दोन्ही. वडील म्हणाले, पाय. आई खाली पाहत राहिली. इतक्या वर्षांचे इतके साक्षीदार, आणि नीट एकानंही पाहिलेलं नाही. पाहणार कधी? सगळे पायताण शोधण्यात गुंतलेले.

मग डॉक्टरांनी मला दिवसभर यंत्राला जोडून ठेवायचं ठरवलं. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट, नागपुरात असं यंत्र असणं हेच अप्रूप. आदल्या रात्री झोपू द्यायचं नाही, गोळी द्यायची नाही, डोक्याला तेल लावायचं नाही. डोक्यावर वायरी चिकटवल्या, कागद सरकू लागला, त्यावर पेनं मेंदूच्या रेघा ओढू लागली. फिट यावी म्हणून वाट पाहण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. दुपारी ती आली. आणि बाहेर बसलेले मोठेबाबा चप्पल काढून आत धावले.

"यंत्राच्या नादात पोरीले मारून राहिले काय?" असं म्हणत त्यांनी मला उचलून कुशीत घेतलं. वायरी पटापट निघाल्या. कागदावर नुसती गिचमिड. डॉक्टर ती पाहून शांतपणे म्हणाले, हा आलेख मुलीच्या मेंदूचा नाही, तुमच्या धावपळीचा आहे. मोठेबाबांना त्याचंही काही वाटलं नाही. पोरगी वाचली ना, म्हणाले. घरी जाईपर्यंत ते अख्ख्या गल्लीचे हिरो झाले होते, आणि मी त्याच जुन्या गोळ्या घेऊन पुन्हा पेंगू लागले. मला त्यांचा इतका राग आला होता की आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या खेपेला मी अट घातली, फक्त आई येईल. तिलाही बजावलं, धरायचं नाही, उठायचं नाही, नुसतं पाहायचं. ती खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. फिट आली आणि गेली. मला जाग आली तेव्हा खोलीत चामड्याचा वास नव्हता. डॉक्टर कागद हातात घेऊन आईला तोच जुना प्रश्न विचारत होते.

"आधी उजवा आंगठा हालला," आई म्हणाली. "मंग तोंडाचा उजवा कोपरा. मंग मान वळली." मग म्हणाली, "आजवर मी कधी पाह्यलंच नव्हतं, साहेब. डोये मिटून घेत होती मी."

कागदावरच्या रेघाही तेच सांगत होत्या, सुरुवात मेंदूच्या डाव्या बाजूला. गोळी बदलली. फिट कमी झाल्या आणि मी जागेपणी बी.ए. झाले. हे चपलेचंच पुण्य, असं मोठेबाबा शेवटपर्यंत सांगत राहिले, आणि ऐकणारे माना डोलवत राहिले. डोलवोत बापडे.

त्या दिवशी परत येताना रिक्षात मी आईला म्हटलं, पुन्हा सांग. तिनं आपला उजवा आंगठा हलवून दाखवला, मग ओठाचा कोपरा ओढला, मग हळूच मान वळवली. माझी फिट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आईच्या अंगावर.