दुसरे टोले

मोर्तेसान्य गावच्या चर्चचं घड्याळ टोले दोनदा द्यायचं. आठ वाजले की आठ टोले, आणि दोन मिनिटांनी पुन्हा आठ. पहिल्या खेपेला माणूस भांडत तरी असतो, नाहीतर कोंबड्यांमागे धावत असतो, मोजणार कधी? म्हणून दुसरे.

या घड्याळाला चावी देण्याचं काम ओनेसिम बार्थासकडे. एकेचाळीस वर्षं दर सोमवारी तो चौऱ्याण्णव पायऱ्या चढत होता. गावात दिवस आपल्या परवानगीनं मावळतो, असा त्याचा तोरा. त्याची बायको झेली म्हणायची, "अख्ख्या गावाला वेळ सांगतोस, आणि सूप रोज गार करून पितोस!"

पुढे रेजी दलमास मेयर झाला आणि त्याच्या अंगात सुधारणा संचारली. त्यानं विजेचं यंत्र आणवलं. शहरातून आलेल्या मेकॅनिकनं घड्याळ दोनदा वाजताना ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि काम उरकून ऐटीत सांगितलं, "बिघाड होता. काढून टाकला."

शनिवारी सहाच्या सभेत यंत्र पक्कं व्हायचं होतं. ते झालं, की ओनेसिमनं मनोऱ्याची किल्ली परत करायची. म्हाताऱ्याला रडू येत होतं, पण शिव्या देऊन त्यानं ते भागवलं.

शनिवारी तो लग्नातला कोट चढवून साडेपाचलाच सभागृहात जाऊन बसला. काय बोलायचं ते झेलीनं चार वेळा घोकून घेतलं होतं. सहाचे टोले पडले. कोणी आलं नाही. सव्वासहा झाले. अकरा खुर्च्या, आणि समोर एकटा ओनेसिम. मला टाळतायत सगळे, असं वाटून तो तणतणत समोरच्या कॅफेत शिरला.

अकराच्या अकरा पंच तिथं पेले घेऊन उभे होते, आणि मधोमध मेयर.

"रेजी, सभा आहे ना तुझी? सहा वाजून गेले की!"

"ऐकलं हो, ओनेसिमकाका," पेला न ठेवताच रेजी म्हणाला. "पण दुसरे कुठं पडलेत अजून? दुसरे पडले की निघतोच."

कोपऱ्यातून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि पाठोपाठ सगळेच हसत सुटले. मेयरचे कान लाल झाले. घोकलेलं भाषण ओनेसिम पार विसरला, आणि इतक्या दिवसांचं अडवलेलं पाणी मात्र डोळ्यांत आलंच.

शेवटी रेजी खाली मान घालून पुटपुटला, "काका, सोमवारी चढाल का वर?"

ओनेसिमनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं.

"पुन्हा सांग. एकदा सांगितलेलं या गावात कोणी धरत नाही."

मेयरनं पुन्हा सांगितलं.